बाथरूमचं ॲसिड पायावर सांडलं: आधी पाणी की आधी सोडा?

हळदीचं_पेव

मी सांगलीत, विश्रामबागेत राहतो. बोअरचं पाणी इतकं जड की बाथरूमच्या फरशीवर दोन महिन्यांत पांढरा थर धरतो आणि नळाच्या तोटीला खडीसाखर लागल्यासारखं दिसतं. त्यामुळे ॲसिडची बाटली घरात कायम. दुकानदार मोठ्या कॅनमधून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून देतो. बूच पण कोल्ड्रिंकचंच. इतकी वर्षं यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

परवा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या हातून ती बाटली कलंडली. डाव्या पायावर, स्लीपरच्या पट्ट्याशी सांडलं. मावशी काही बोलल्याच नाहीत. तांब्याभर पाणी ओतलं, साडीचा काठ पिळला आणि फरशी घासायला लागल्या. दहा-पंधरा मिनिटांनी बायकोच्या लक्षात आलं की त्या एकाच पायावर भार देऊन उभ्या आहेत. मग धावपळ. शेजारच्या काकू आल्या, "ॲसिडवर सोडा, शाळेत शिकलोय की आपण!" म्हणाल्या आणि खायच्या सोड्याचा लेप लावला. फसफसून फेस आला. आम्हाला सगळ्यांना वाटलं, चला, उतरलं.

संध्याकाळी पट्ट्याच्या बरोब्बर मापाचा पांढुरका चट्टा उठला, कडेनं तपकिरी. डॉक्टरकडे नेलं तर ते मावशींना सोडून मलाच झापायला लागले. "सोडा कुणी लावला?" मी काकूंचं नाव घेतलं नाही.

तर प्रश्न असा की सोडा लावणं एवढं चुकलं कुठं? आम्ल अधिक अल्कली म्हणजे मीठ आणि पाणी, हे खोटं आहे का? आणि तुमच्याकडे हे ॲसिड कोण वापरतं, कुठं ठेवता?

भडंग_कमी_तिखट

मावशी कशा आहेत ते आधी सांगा. केमिस्ट्री नंतर.

हळदीचं_पेव

@भडंग, सॉरी, राहिलंच. बऱ्या आहेत. ड्रेसिंग चालू आहे, दोन आठवडे पाय भिजवायचा नाही. पगारी सुट्टी दिली आहे. दवाखान्याचा खर्च अर्थात आमचा.

परीक्षानळी

साताऱ्यात 22 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. "शाळेत शिकलोय की" हे वाक्य ऐकलं की अपराधी वाटतं, कारण ते अर्धवट शिकवणाऱ्यांत मीही असणार.

मीठ आणि पाणी हे खरंच. पण त्या समीकरणात आम्ही एक शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून पुसून टाकतो: उष्णता. परीक्षानळीत ती हाताला जाणवते, कातडीवर ती कातडीतच जाते. शिवाय सोडा किती लावायचा, हे तुम्हाला कुठं माहीत? प्रयोगशाळेत आम्ही ब्युरेटमधून थेंब-थेंब सोडतो, घरात काकू मूठभर लावतात. आणि तुम्ही फेस बघून खूश झालात, तो नुसता कार्बन डायऑक्साइड. फेस येतोय याचा अर्थ तिथं अजून ॲसिड आहे, ते संपलं असा नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे वेळ. डबा शोधा, कालवा, लावा, यात पाच मिनिटं गेली आणि लेपाखाली जे होतं ते तिथंच राहिलं. वाहतं पाणी ॲसिड पातळही करतं, वाहूनही नेतं आणि उष्णताही घेऊन जातं. लेप यातलं एकच काम करतो, तेही अर्धं.

ओपीडी_नंबर_चार

मिरजेत प्रॅक्टिस आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पाणी. नळाखाली धार धरून, कमीत कमी 20 मिनिटं, घड्याळ लावून. तांब्याभर पाणी म्हणजे काहीच नाही. आणि धुता धुता आधी चप्पल, मोजे, भिजलेला कपडा, जोडवी, पैंजण काढायचे. तुमच्या मावशींचा चट्टा पट्ट्याच्या मापाचा आला, याचं कारण तुम्हीच लिहिलं आहे. पट्ट्याखाली ॲसिड अडकून राहिलं आणि त्या दहा-पंधरा मिनिटं ते पायाला बांधूनच काम करत होत्या. अंगठीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली, हातमोज्याच्या आत असंच होतं.

हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ, शाई यातलं काहीही लावायचं नाही. (शाई हसण्यावारी नेऊ नका, निळा हात घेऊन आलेला पेशंट मी पाहिलाय.) लेप लावला की आम्हाला आधी तो खरवडावा लागतो. ते दुखणं तुमच्या औषधाचं.

डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवायचं. मान त्या बाजूला कलती करायची, म्हणजे पाणी नाकाकडून बाहेरच्या कडेला वाहील आणि चांगल्या डोळ्यात जाणार नाही. नुसतं मिटल्या डोळ्यावर पाणी मारणं उपयोगाचं नाही. मग थेट दवाखाना, आराम पडला तरी. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, जाताना जे जाळत गेलं तेच परत वर येतं. 108 ला फोन, आणि बाटली सोबत आणायची.

कऱ्हाडचा_संगम

एवढं घाबरवायचं कारण कळलं नाही. आमच्या आईनं 30 वर्षं उघड्या हातानं ॲसिड टाकून मोरी घासली. हात चांगले आहेत. आजकाल सगळ्याचाच बाऊ.

काठावरची

@कऱ्हाडचा_संगम, आईंना एकदा विचारा की मोरी घासल्यावर चपाती लाटताना हात चरचरायचे का. माझ्या आईनं सांगितलं ते मी स्वतः आई झाल्यावर. तोवर तिचे पण हात "चांगले"च होते.

कऱ्हाडचा_संगम

विचारतो.

द्राक्षबाग_तासगाव

आमच्याकडं ॲसिड बाथरूममधी नाही, बागेत असतंय. ड्रिपच्या नळ्या क्षारानं तुंबत्यात, मग ॲसिड ट्रीटमेंट करावी लागतीय. शेवटच्या ड्रिपरला पीएचची पट्टी लावून पीएच 4 च्या आसपास आला की बंद करायचं, 24 तास तसंच ठेवायचं, मग नळ्यांची टोकं उघडून फ्लश.

आमच्या गड्यानं एकदा गंधकाच्या ॲसिडवर पाणी ओतलं. बादलीत आधी ॲसिड, वरनं पाणी. राव, तेल तापलेल्या कढईत पाणी पडल्यावर जसं उडतंय तसं उडालं. नशीब, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. टॉवेलला तेव्हा काही दिसलं नाही, पण घरी नेऊन धुतल्यावर त्याची चाळण झाली. तेव्हापासनं विहिरीवरच्या खोलीच्या भिंतीवर मी स्वतः रंगानं लिवलंय, "आधी पाणी, मग ॲसिड".

परीक्षानळी

@द्राक्षबाग, भिंतीवरचं वाक्य माझ्या वर्गात लावायला हवं. पाणी हलकं, ते जड ॲसिडच्या वर तरंगतं आणि जिथं भेटतात तिथंच उकळतं. उलट केलं की ॲसिड तळाशी जातं आणि सगळं पाणी मिळून ती उष्णता वाटून घेतं. टॉवेलचंही बरोबर. सुती धागा गंधकाम्लानं लगेच फाटत नाही. पाणी उडून जातं, ॲसिड मागे राहून अधिक तीव्र होतं आणि धुताना भोकं पडतात. आमच्या कॉलेजच्या पोरांच्या पँटी त्या काळी अशाच असायच्या. आता तशा विकत मिळतात.

गलाईकर_विटा

ॲसिडचा विषय निघाला आणि विट्याचं कुणी नाही असं कसं होईल?

आमच्याकडे खानापूर-आटपाडीकडची घरंच्या घरं गलाईत. भारतात कुठल्याही सराफ कट्ट्यावर जा, मागच्या गल्लीत सोनं-चांदी गाळणारा माणूस आमच्याकडचा निघायची शक्यता बरीच. सोन्यात चांदी घालून सोनं चौथाईवर आणायचं, मग नायट्रिकमध्ये टाकायचं. चांदी, तांबं विरघळतं, सोनं खाली राहतं. माझे चुलते कोइमतूरला होते. लहानपणी ते गावी आले की आम्ही पोरं त्यांची बोटं बघायचो. पिवळी. हळदीसारखी नाही, जुन्या कागदासारखी. आम्हाला वाटायचं सोन्याचाच रंग लागलाय. कसल्या साबणानं जायचं नाही, कातडं निघून नवं आलं की मगच जायचं.

चुलते म्हणायचे, अंगावर पडलेलं कळतं, पळत जाऊन नळाखाली बसता येतं. छातीत गेलेलं कळत नाही. तो तांबडा धूर घेतलेला माणूस संध्याकाळी नीट जेवतो आणि रात्री त्याला दम लागतो.

ओपीडी_नंबर_चार

@गलाईकर, चुलत्यांचं शब्दशः खरं आहे. तो नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसात पाणी व्हायला काही तास, कधी दिवसभरही लागतो. "आता बरं वाटतंय" म्हणून घरी पाठवायचा पेशंट नव्हे. आणि पिवळं होणं म्हणजे कातडीतल्या प्रथिनांवर नायट्रिकची प्रक्रिया. तो डाग नसतो, कातडंच बदललेलं असतं.

बिब्बा

माझ्या नावाला जागून मध्ये पडतो. आमच्या आजीकडे ॲसिड नव्हतं, बिब्बा होता. टाचेला भेग, लाव बिब्बा. काटा मोडला, लाव बिब्बा. मग बिब्बा उतला की आठ दिवस ती जागा सुजून फोड. त्याच्याही अंगावर सूचना छापलेली नसायची.

शेंगदाणा_चटणी

@बिब्बा, तुझ्या अंगावर तरी छापून घे.

काठावरची

2019 च्या पुराचं लिहायचं होतं, हा धागा बघून धीर आला.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, वास तर विचारू नका. मदतीत आलेली ब्लीचिंग पावडर पोत्यानं होती, ॲसिड आम्ही आणलं, फिनेल कुणीतरी दिलं. डोक्यात एकच होतं, जे जे जंतू मारतं ते ते सगळं टाका. माझ्या दिरांनी संडासात आधी ब्लीचिंग टाकून ठेवली होती, मला माहीत नव्हतं. मी वरून ॲसिड ओतलं.

खालून हिरवट पिवळं काहीतरी वर आलं. वास पोहण्याच्या तलावाचा, पण हजारपट. घसा एकदम कुणीतरी मुठीत धरल्यासारखा. दार माझ्या पाठीमागे होतं, पण चिखलानं फुगून ते घट्ट बसलेलं. दोन्ही हातांनी ओढलं. बाहेर येऊन अंगणातल्या ओल्या गादीवर बसले आणि किती वेळ खोकत होते कुणास ठाऊक. मुलगा चार वर्षांचा, तो बाहेरच होता. तो आत असता तर, हे अजून रात्री आठवतं. तो क्लोरिन होता, हे नंतर दवाखान्यात कळलं. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणजे उभ्या माणसाच्या आधी लहान मुलाला आणि उकिडवं बसून घासणाऱ्या बाईला.

द्राक्षबाग_तासगाव

ताई, वाचूनच घसा कोरडा पडला.

माहुलीचा_घाट

@काठावरची, 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आमच्या नातेवाइकांकडे सांगलीला मदतीला गेलो होतो. तिथं एका गल्लीत कुणीतरी खडूनं दारावर लिहिलेलं पाहिलं, "ब्लीचिंग टाकलं आहे, ॲसिड नको". तेव्हा मला वाटलं होतं की फरशी खराब होते म्हणून असेल.

वकीलसाहेब_नाही

मूळ पोस्टमध्ये एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून देणारा दुकानदार.

18 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. ॲसिड हल्ल्यांविरुद्धची ती याचिका. दुकानदारानं वही ठेवायची, कुणाला विकलं, किती विकलं. घेणाऱ्यानं पत्ता असलेलं फोटो ओळखपत्र दाखवायचं आणि कशासाठी हवं ते सांगायचं. 18 वर्षांखालच्याला द्यायचंच नाही. साठा प्रांताधिकाऱ्यांना कळवायचा, नाही कळवला तर माल जप्त आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड. तुमच्या दुकानदारानं यातलं काय विचारलं?

हळदीचं_पेव

"पिशवी आणलीय का?" एवढंच.

कऱ्हाडचा_संगम

मग टॉयलेट क्लीनरच्या ब्रँडेड बाटल्या कशा मिळतात सगळीकडे? त्यात पण तेच असतं की.

परीक्षानळी

तेच असतं, पण कमी. त्या बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण 10 टक्क्यांच्या आसपास असतं, घट्ट असतं म्हणून शिंतोडे कमी उडतात, बूच दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही आणि मागे सूचना असतात. सुटं मिळतं ते 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. पण 10 टक्के म्हणजे निर्धोक असं नाही. मोज्यात मुरलं आणि तसेच तासभर फिरलात तर तेही काम करतं.

आणि अवांतर, शहाबादी, कडप्पा, संगमरवर हे तिन्ही चुनखडीचे भाऊ. त्यावर ॲसिड टाकून फेस आला की लोकांना वाटतं मळ निघतोय. मळ नाही, फरशी निघतेय.

काठावरची

सूचना असतात खऱ्या. पण ती बाटली विकत घेतो चष्मा लावणारा आणि वापरते मावशी. अक्षरं मुंगीएवढी, निम्मी इंग्रजीत. हातावर थेंब पडतोय असं ते चित्र असतं चौकोनात, आमच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "हात धुवा असं असंल."

गलाईकर_विटा

वाचता येणाऱ्यांचं तरी काय वेगळं आहे?

शेंगदाणा_चटणी

हातमोजे आणून दिले होते आमच्याकडे. एक दिवस घातले. मग कळलं की भांडी निसटतात म्हणून ते टाकीवर वाळत घातलेत, ते अजून तिथंच आहेत. कावळा बसतो त्यावर.

ओपीडी_नंबर_चार

बेतशीर मापाचे आणा. सैल मोज्यात वरून ॲसिड शिरलं तर मोजा नसलेला बरा. मनगटाशी कड बाहेर दुमडायची, म्हणजे हात वर केल्यावर ओघळ कोपराकडे न जाता दुमडीत अडकतो.

एक राहिलं. सगळे ॲसिडलाच घाबरतात. तुंबलेली मोरी मोकळी करायला कॉस्टिक सोडा वापरता ना? तो जास्त खोल जातो. ॲसिडनं कातडीवर एक कडक थर धरतो, तो पुढचं थोडं अडवतो. कॉस्टिक चरबीचा साबण करत आत उतरत राहतो आणि सुरुवातीला दुखत पण नाही, नुसतं बुळबुळीत लागतं. तसाच तंबाखूचा चुना. लहान पोरानं पुडी दाबली आणि ती डोळ्यात उडाली, अशा केस येतात. पुडी खिशातून काढून शर्ट खुंटीला लावता तेव्हा ती पोराच्या हाताच्या उंचीवर नाही ना, एवढं बघा.

द्राक्षबाग_तासगाव

डॉक्टर, चुन्याचं वाचून वडलांना दाखवलं. पुडी फळीवर गेली. तंबाखू मात्र खिशातच.

कऱ्हाडचा_संगम

आईला विचारलं. म्हणाली, "चरचरायचे. मग खोबरेल लावायचे आणि लाटायचे." आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली कुणी विचारलं नव्हतं. बाऊ हा शब्द मागे घेतो.

भडंग_कमी_तिखट

+१

माहुलीचा_घाट

मग त्या पांढऱ्या थराचं करायचं काय? साताऱ्यात आमच्याकडे पण बोअरच.

काठावरची

किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर गरम पाण्यात दोन-तीन चमचे. फडकं भिजवून तोटीला गुंडाळून अर्धा तास, मग जुन्या ब्रशनं घासा. फरशीला दोन-तीनदा करावं लागतं, एका फटक्यात नाही होत. हे पण ॲसिडच, डोळ्यात नको आणि शहाबादीवर नको. पण हातावर पडलं तर धुवून चहा प्यायला बसता येतं. आणि आंघोळीनंतर वायपर मारा. पाणी वाळलंच नाही तर क्षार बसणार कुठं.

हळदीचं_पेव

सगळ्यांचे आभार. काकूंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझंच चुकलं." मी म्हटलं, बाटली मी आणली होती.

आता अडचण अशी की त्या बाटलीत तिसरा हिस्सा ॲसिड शिल्लक आहे. मावशी परत यायच्या आत ते घरातून घालवायचंय. गटारात ओतू?

गलाईकर_विटा

पाठवा इकडं. आम्ही आणि ॲसिड जुने दोस्त.

परीक्षानळी

तसंच ओतू नका. अंगणात प्लॅस्टिकची मोठी बादली घ्या, पत्र्याची नको, जस्ताशी भेटलं की हायड्रोजन सुटतो. बादली अर्धी पाण्यानं भरा, मग ॲसिड बारीक धारेनं पाण्यात, द्राक्षबागांची भिंत आठवून. मग त्यात खायचा सोडा चमच्या-चमच्यानं, फेस येणं थांबेपर्यंत. मग भरपूर पाण्याबरोबर संडासात. वाऱ्याकडे पाठ, पायात बूट, डोळ्याला चष्मा. तुमचं किती तीव्र आहे ते बाटलीवर लिहिलेलं नाही, कारण बाटली कोल्ड्रिंकची आहे. बाटली लिटरची आणि ॲसिड 30 टक्के धरलं तर एवढ्याला पाव किलोच्या आसपास सोडा लागेल, जवळ अर्धा किलो असू द्या. पाच रुपयांच्या पुडीनं भागणार नाही.

बिब्बा

म्हणजे शेवटी सोडाच.

परीक्षानळी

बादलीत. पायावर नव्हे.

हळदीचं_पेव

आत्ताच झालं. 20 मिनिटं लागली. बाटली ठेचून टाकली.

सोडा आणायला त्याच दुकानात गेलो होतो. अर्धा किलो मागितल्यावर दुकानदारानं मान वर करून बघितलं. "एवढा सोडा कशाला ओ? कार्यक्रम हाय का काय घरी? ढोकळ्याची ऑर्डर?" चार प्रश्न विचारले. ॲसिड नेताना इतक्या वर्षांत एकदा पण नाही.